सख्याला अपुरे म्हणू नका

होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यातले नेहमीचे आठवडे बाजार भोंगऱ्या बाजार होतात. अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या धडगावलाही तो भरतो. डोंगरउतारांवर विखुरलेल्या पाड्यांवरून पावरा आणि भिल्ल कुटुंबे खाली येतात. होळीसाठी डाळ्या, गूळ, साखरेचे हार-कंगण, कपडे घेतले जातात, ढोल निघतात, नाच होतो, लांबच्या सोयऱ्यांची गाठ पडते. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशात याच बाजारांना भगोरिया म्हणतात. शहरी वर्तमानपत्रांनी आणि पर्यटनाच्या जाहिरातींनी या बाजाराची एक गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की ती खरीच वाटू लागावी: मुलगा मुलीच्या गालाला गुलाल लावतो, तिने उलट लावला की होकार, आणि दोघे तिथूनच पळून जातात. आदिवासी कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की हा होळीचा बाजारहाट आहे, याला ‘प्रेमाचा बाजार’ म्हणणे ही आमच्या मुलींची बदनामी आहे. त्यांचे म्हणणे रास्तच आहे. मला त्यात आणखी एक गंमत दिसते. नजरानजर होताच जुळणारे, पुढचामागचा विचार नसलेले प्रेम शहराने डोंगरातल्या माणसांच्या नावावर लिहून टाकले आणि स्वतःसाठी मात्र दुसरीच कथा राखून ठेवली. त्या कथेत दोघे जुने मित्र असतात, एकमेकांच्या खोड्या काढत मोठे झालेले असतात, त्यांच्यापैकी एकाचे लग्न भलत्याच कुणाशी ठरते आणि शेवटच्या वीस मिनिटांत त्यांना साक्षात्कार होतो की आपले प्रेम होतेच. पहिली गोष्ट धडगावविषयी खोटी आहे, हे सांगणारे लोक आहेत. दुसरी गोष्ट मैत्रीविषयी खोटी आहे, हे मात्र फारसे कुणी म्हणत नाही.

ही दुसरी गोष्ट जुनी आहे. जेन ऑस्टिनची ‘एमा’ १८१५ साली आली. तिच्यातली नायिका शेजारच्या नाइटलींना लहानपणापासून ओळखते, त्यांच्याशी वाद घालते, त्यांचा सल्ला धुडकावते, आणि दुसऱ्याच मुलीने नाइटलींवर आशा ठेवली आहे हे कळते त्या क्षणी तिला स्वतःचे मन कळते. ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ १९८९चा, ‘जाने तू... या जाने ना’ २००८चा. आपल्याकडे सतीश राजवाडे यांच्या ‘ती सध्या काय करते’ने २०१७ मध्ये शाळेपासूनच्या मित्रमैत्रिणीची कथा सांगितली, आणि ते नाव लोकांच्या तोंडी इतके बसले की सिनेमा न पाहिलेलेही ते वापरू लागले. तपशील निरनिराळे, सांगाडा मात्र एकच. सगळ्यांना दिसते ते फक्त त्या दोघांना दिसत नाही. आईला माहीत असते, मित्रांच्या टोळक्याला माहीत असते, प्रेक्षकाला तर तिकीट काढतानाच माहीत असते. विनोद त्या अज्ञानातून येतो आणि सुख त्या अज्ञानाच्या नाशातून. हलक्याफुलक्या करमणुकीत एवढे तत्त्वज्ञान दडलेले आहे हे आपल्या लक्षात येत नाही, कारण ते आपल्याला आधीच मान्य असते. प्रेम ही आत असलेली वस्तू आहे, मैत्री हे तिच्यावरचे पांघरूण आहे, आणि कथा संपते ती पांघरूण निघाल्यावर, असे हे तत्त्वज्ञान. प्रश्न असा की मैत्रीचे प्रेम होते तेव्हा खरोखर काय घडते? आधीपासून असलेले काही सापडते, की आधी नसलेले काही केले जाते? माझ्या मते दुसरे. आणि हा प्रश्न आपल्या धर्मविचाराने सिनेमाच्या कितीतरी आधी, कितीतरी बारकाईने हाताळलेला आहे.

‘होतेच, फक्त ओळखले नव्हते’ या विचाराला भारतीय दर्शनात एक भारदस्त घर आहे: काश्मीरचे प्रत्यभिज्ञादर्शन. दहाव्या शतकातल्या उत्पलदेवांनी ‘ईश्वरप्रत्यभिज्ञाकारिका’ लिहिली आणि अभिनवगुप्तांनी तिच्यावर ‘विमर्शिनी’ ही टीका केली. मुक्ती म्हणजे नवे काही मिळवणे नाही, आपण मूळचे महेश्वरच आहोत हे ओळखणे, असा तो सिद्धांत. आता गंमत पाहा. ग्रंथाच्या शेवटाकडे, हे ओळखणे कसे असते ते सांगताना उत्पलदेव दाखला देतात तो एका प्रेमिकेचा. तिने एका पुरुषाचे गुण नुसते ऐकले आहेत आणि त्यावरून ती त्याच्या प्रेमात पडली आहे. निरोप जातात, विरह होतो, आणि एक दिवस तो तिच्यासमोर येऊन उभा राहतो. पण ऐकलेले ते गुण याच माणसाचे आहेत हे तिला ठाऊक नसते, म्हणून तो तिला चारचौघांसारखा दिसतो आणि तिला काही आनंद होत नाही. कुणी सांगितले किंवा एखादी खूण पटली की मग त्याच दर्शनाने तिचे हृदय भरून येते. माणूस आधीही समोर होता, नंतरही तोच. पालटले ते फक्त ओळखणे. वरवर पाहिले तर ही प्रेमविनोदी चित्रपटाचीच पटकथा वाटते. सांगणाऱ्या दूतीच्या जागी मावशी किंवा खोडकर धाकटा भाऊ घातला की झाले. म्हणूनच आपल्याला तो शेवटचा साक्षात्कार इतका गोड लागतो. त्यात मुक्तीच्या कल्पनेची चव उतरलेली असते.

पण दाखला नीट वाचला तर तो मित्रांच्या गोष्टीला लागू पडत नाही, तो तिची उलटी बाजू दाखवतो. उत्पलदेवांच्या प्रेमिकेजवळ प्रेम आधीपासून आहे. तिच्याजवळ नाही ती माणसाची ओळख. जुन्या मित्रांचे नेमके उलटे असते. त्यांच्याजवळ ओळख पुरेपूर असते. तो रागावला की काय करतो, तिला कुठल्या गोष्टीची भीती वाटते, कुणाच्या घरात कशावरून भांडण होते, सगळे ठाऊक. नसते ते प्रेम, म्हणजे जोडीदाराचे प्रेम. ओळख ही ज्ञानाची गोष्ट आहे. जे आधीपासून आहे आणि कळत नाही, तेच ओळखता येते. जिथे ज्ञानात काही उणे नाही तिथे ज्ञानाने भरून काढण्यासारखेही काही उरत नाही. तिथे जे नवे येते ते ज्ञानाच्या बाजूने येत नाही, इच्छेच्या आणि कृतीच्या बाजूने येते. जीव आणि शिव यांच्यात प्रेमाला आरंभच नसतो, असे म्हणता येईल. ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’च्या पहिल्याच प्रकरणात शिवशक्तीचे दांपत्य आहे, आणि तिथे एकाशिवाय दुसरे कधी होते हा प्रश्नच संभवत नाही. अनादि प्रेम हे देवांना शोभते. नाशिकच्या किंवा नंदुरबारच्या कॉलेजात एका बाकावर बसलेल्या दोघांच्या प्रेमाला आरंभ असतो, आणि तो आरंभ झाकून ठेवला की ज्याने तो केला त्याची जबाबदारीही झाकली जाते.

भक्तिशास्त्राने हा घोटाळा होऊ दिलेला नाही. भागवतात प्रल्हादाने सांगितलेल्या नऊ भक्तींत सख्य आठवे आणि आत्मनिवेदन नववे. समर्थांनी ‘दासबोधा’चा चौथा दशक याच नऊ भक्तींना दिला, एकेका भक्तीला एकेक समास. आठानंतर नऊ येतात म्हणून आपण सहज धरून चालतो की सख्य ही शेवटून दुसरी पायरी, म्हणजे अजून एक चढायची बाकी. परंपरेने दिलेली उदाहरणे मात्र वेगळे सांगतात. श्रवणाने परीक्षिती तरला, कीर्तनाने शुक, दास्याने मारुती, सख्याने अर्जुन, आत्मनिवेदनाने बळी. एकेकाला एकेक भक्ती पुरली. अर्जुनाने सख्यात मुरून मग बळीसारखे डोके पुढे केले तेव्हा कुठे त्याचे काम झाले, असे कुणी म्हटलेले नाही. तो सखा राहूनच पूर्ण झाला. यावर वैष्णव आचार्यांकडूनच आक्षेप येऊ शकतो, आणि तो वजनदार आहे. रूपगोस्वामींनी शांत, दास्य, सख्य, वात्सल्य आणि माधुर्य असे पाच भाव सांगितले आणि गौडीय परंपरेने माधुर्याला सर्वांत वरचे स्थान दिले; आधीच्या भावांचे गुण त्यात सामावतात असेही मानले. मग मैत्री प्रेमात विरघळते हेच खरे नाही का? नाही, कारण त्याच परंपरेत प्रत्येक भाव स्थायी आहे. सुबल आणि श्रीदामा हे कृष्णाचे सवंगडी गोपी होण्याची वाट पाहत नाहीत. त्यांचा रस त्यांच्या जागी पुरा आहे. वरचा भाव खालच्याला सामावून घेतो याचा अर्थ खालचा भाव आपोआप वर चढतो असा होत नाही. दास्यावर मारुती थांबला तो कमी पडला म्हणून नव्हे.

गीतेच्या अकराव्या अध्यायात तर ओळखण्याच्या सिद्धांताची परीक्षाच होते. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुनाला कळते की आपला मित्र खरा कोण आहे. सिनेमाच्या हिशेबाने आता त्याचे प्रेम दुथडी भरून वाहायला हवे. होते भलतेच. अर्जुन भितो. आजवर तुला सखा समजून हाका मारल्या, जेवताना-बसताना-झोपताना थट्टा केली, त्याबद्दल क्षमा कर, असे म्हणतो. आणि शेवटी मागणी करतो ती जुने, ओळखीचे रूप परत दे अशी. ज्ञानेश्वरांनी अर्जुनाची ही शरमिंदी अवस्था फार प्रेमाने, विस्ताराने रंगवली आहे, आणि वाचताना जाणवते की त्यांचा जीव विश्वरूपात जितका आहे तितकाच त्या सलगीतही आहे. अर्जुनाला मित्राविषयीचे सर्वांत मोठे सत्य कळले, तरी त्या कळण्यातून सख्याच्या पुढचे काही आपोआप निघाले नाही. निघाली ती सख्य मोडेल की काय याची धास्ती. ज्यांनी जुन्या मित्राकडून अनपेक्षित कबुली ऐकली असेल त्यांना अर्जुनाची ही धास्ती परकी वाटणार नाही. द्रौपदीचे उदाहरण याहून थेट आहे, कारण तिथे स्त्री आणि पुरुष आहेत. वनपर्वात ती कृष्णाला आपल्या अपमानाचा जाब विचारते तेव्हा ज्या नात्यांच्या बळावर विचारते त्यांत त्याची सखी असणे हे एक नाते आहे. शतकानुशतके कीर्तनकारांनी, लोकगीतांनी, नाटकांनी त्या दोघांच्या गोष्टी सांगितल्या. फाटलेल्या भरजरी पदराची लोककथा तर घराघरांत आहे. पण यांचे खरे म्हणजे एकमेकांवर प्रेमच होते, फक्त कळले नव्हते, असा शेवट लावावा असे आपल्या लोकपरंपरेला कधी सुचले नाही. ज्या समाजात राधा होती त्याच समाजाने कृष्णेला, म्हणजे द्रौपदीला, कृष्णाची मैत्रीण म्हणून स्वतंत्र जागा दिली. ती जागा आजच्या पटकथेत उरलेली नाही.

आता पुन्हा धडगावकडे येऊ, कारण शास्त्रात जे तत्त्व आहे त्याचा व्यवहार तिथे दिसतो. पावरा आणि भिल्ल समाजात शेतावर, जंगलात, बाजारात मुलगे-मुली एकत्र वावरतात. शहरी मध्यमवर्गात एके काळी मुलामुलींच्या बोलण्यावर जसा पहारा होता तसा तिथे नसतो. घरबांधणीला, निंदणी-कापणीला लोक एकमेकांकडे मजुरीशिवाय जातात त्याला लाह म्हणतात. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. म्हणजे माणूस कामात कसा आहे हे चारचौघांसमोर कळते. (जनाबाईच्या विठ्ठलाशी असलेल्या सख्याला जात्याची आणि शेणगोवऱ्यांची संगत का आहे, हे मला लाहेचा विचार करताना जास्त चांगले उमगते. एकत्र काम हेच सख्याचे क्षेत्र.) भोंगऱ्यात जे दोघे बोलताना दिसतात ते पुष्कळदा एकमेकांना आधीपासून पाहिलेले, ओळखीतल्या सोयऱ्यांचे असतात. बाहेरच्या कॅमेऱ्याला आधीचे काही दिसत नाही, म्हणून त्याला सगळे क्षणात घडल्यासारखे वाटते. पण महत्त्वाचे त्यापुढे आहे. ओळख कितीही जुनी असली तरी तिला तिथे कुणी लग्न समजत नाही. मधे एक कृती असावी लागते, आणि ती उघड असावी लागते. रीतसर मागणी असेल तर मुलाकडचे माणसे घेऊन मुलीकडे जातात, पंच बसतात, देज ठरते, म्हणजे मुलाकडून मुलीच्या घरी द्यायची रक्कम. दोघे आपल्या मनाने निघून गेले तरीही नंतर पंच बसतातच, देज ठरतेच, आणि मगच समाज त्यांना नवरा-बायको म्हणतो. म्हणजे पळून जाण्याची जी गोष्ट शहर इतक्या चवीने सांगते तिच्यातही शेवटचा शब्द पळण्याचा नसून बसून ठरवण्याचा असतो. कुणी येऊन सांगत नाही की यांचे तर पहिल्यापासूनच होते, आता काय ठरवायचे? पहिल्यापासून काय होते हा तिथे प्रश्न नसतो. आता तुम्ही काय केलेत आणि त्याला कोण जबाबदार, एवढाच असतो.

यावरून मी डोंगरातल्या रिवाजाचे गोडवे गातो आहे असे कुणी समजू नये. देजेचा बोजा गरीब घरावर बसतो, आणि ज्या वाटाघाटीत मुलीऐवजी बाप आणि पंच बोलतात तिथे तिचा होकार धूसर होऊ शकतो. मुलीला बळजबरीने ओढून नेण्याचे प्रकारही आदिवासी भागांत घडलेले आहेत, आणि त्याला प्रथा म्हणून पांघरूण घालणे चुकीचे आहे. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आणि २०१२चा पॉक्सो कायदा तिच्या होकाराला होकार मानत नाहीत, मग दोघांची ओळख कितीही जुनी असो. एकाच कुळातली मुलगा-मुलगी भाऊबहीण धरली जातात, म्हणून जवळच्या पाड्यावरच्या पुष्कळ मैत्र्यांना लग्नाचा दरवाजा मुळातच बंद असतो. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावे आली, ती अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. नर्मदेच्या दोन्ही काठांवर सोयरीक असलेली कितीतरी कुटुंबे तळोदा तालुक्यात सोमावल, रोझव्यासारख्या वसाहतींत जाऊन राहिली. कोण कुणाला ओळखणार हेसुद्धा धरण ठरवते. प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी एवढे भौतिक सत्य तरी ध्यानात ठेवावे. या सगळ्या उणिवा मान्य केल्यावरही माझा मुद्दा उभा राहतो, किंबहुना पक्का होतो. यांतल्या बळजबरीसारख्या उणिवांवर टीका करताना आपण जी कसोटी लावतो ती ‘तिने हो म्हटले का?’ हीच असते. तिच्या मनात आधीपासून काय होते, हा प्रश्न आपण विचारत नाही. कारण बळजबरी करणाराही तोच दावा करतो.

पहिला मोठा आक्षेप अनुभवाचा आहे. मित्रत्वातून लग्नापर्यंत पोहोचलेली जोडपी स्वतःच सांगतात की आमचे पहिल्यापासून होते, उमगायला उशीर झाला. त्यांना खोटे म्हणायचे का? खोटे नव्हे, पण त्यांची साक्ष आठवणीची आहे, आणि आठवण शेवटापासून मागे लिहिली जाते. आज जे आहे त्याच्या प्रकाशात जुनी सहल, जुने भांडण, जुना अबोला यांना नवा अर्थ येतो. जी मैत्री मैत्रीच राहिली तिच्यातही तशीच सहल आणि तसाच अबोला असतो. तिथे मात्र आपण त्यांना खूण म्हणत नाही. कॅनडातल्या डॅन्यू अँथनी स्टिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे १,९०० लोकांची माहिती तपासली गेली. त्यांतल्या ६८ टक्के लोकांनी आपले नाते मैत्रीतून सुरू झाल्याचे सांगितले. विद्यार्थ्यांच्या एका गटात प्रेमाआधीची मैत्री सरासरी २२ महिन्यांची होती. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट पुढची वाटते: मैत्री केली तेव्हा प्रेमाचा हेतू दोघांच्याही मनात नव्हता, असे बहुतेकांनी सांगितले. हे आकडे कॅनडा-अमेरिकेतल्या लोकांचे आहेत, ते धडगावला जसेच्या तसे लावणे हास्यास्पद होईल. पण ‘लपलेले प्रेम’ हीच सर्वसाधारण रीत आहे हा दावा ज्या समाजाच्या सिनेमातून आपल्याकडे आला त्याच समाजात तो नीट टिकत नाही, एवढे त्यातून दिसते. बहुतेक लोक आधी मित्र होते. खरोखरचे मित्र.

दुसरा आक्षेप अगदी उलट बाजूचा. एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ साली मांडले की लहानपणी एकत्र वाढलेल्यांना एकमेकांविषयी शारीरिक ओढ वाटत नाही. पुढे आर्थर वुल्फ यांनी तैवानमध्ये अशा विवाहांचा अभ्यास केला ज्यांत लहान मुलीला सासरी आणून होणाऱ्या नवऱ्याबरोबरच वाढवले जाई. त्या विवाहांत मुले कमी होती आणि घटस्फोट जास्त. म्हणजे अति परिचयाने ओढ मरते, मग मैत्रीतून प्रेम ही कल्पनाच भाबडी नाही का? हा पुरावा मी मान्य करतो, पण त्याचा रोख अगदी कोवळ्या वयातल्या सहवासावर आहे. बारा-पंधराव्या वर्षी शाळेत किंवा विसाव्या वर्षी कामाच्या जागी झालेल्या मैत्रीला तो लागू होत नाही. उलट त्यातून माझ्याच बाजूचा एक निष्कर्ष निघतो. सहवास नुसता पुष्कळ झाला म्हणून त्यातून प्रेम पिकत नाही. आंब्याला अढीत घातले की तो पिकतो. मैत्रीला अशी अढी नसते. तैवानमधल्या त्या मुलामुलींचा सहवास कुणाही मित्रांपेक्षा जास्त होता आणि तरीही तो प्रेमात पालटला नाही, कारण तिथे कुणी कुणाला निवडलेच नव्हते. याला वेस्टरमार्क जीवशास्त्रीय कारण देतील, मी नैतिक कारणही जोडतो. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

तिसरा आक्षेप भावनेचा, आणि त्याचे उत्तर सर्वांत अवघड. प्रेम ही कृती आहे, निवड आहे, असे म्हटले की त्यातला प्रसाद निघून जातो, ते व्यवहारासारखे कोरडे होते. भक्तही कृपेची भाषा बोलतो, निर्णयाची नव्हे. यात तथ्य आहे. कुणाविषयी ओढ वाटावी हे आपण ठरवत नाही. एखाद्या संध्याकाळी मैत्रिणीचे हसणे एकाएकी निराळे का ऐकू येते, याला उत्तर नाही, आणि उत्तर शोधूही नये. पण ओढ वाटणे म्हणजे प्रेम करणे नव्हे. ओढ येते आणि जाते, पुष्कळदा न सांगता विरते, आणि मैत्री तिच्यानंतरही टिकते. याची उदाहरणे कुणालाही आठवतील, फक्त त्यांवर सिनेमे निघत नाहीत. ओढ आल्यावर तिला बोलून दाखवायचे की नाही, बोललो तर नकार पचवायची तयारी आहे की नाही, समोरच्याच्या मनातली जागा आपल्यामुळे अवघडून जाईल त्याचे काय, हे सगळे कृतीच्या प्रांतात येते. आत्मनिवेदन याला म्हणतात. बळीला वामन दिसला ही कृपा मानू. डोके पुढे करणे बळीचेच होते. आपल्या विवाहविधीनेही हा फरक जपला आहे. सप्तपदीत सातव्या पावलाला वर वधूकडे सख्य मागतो. लग्न लागत असताना, देव, अग्नी आणि माणसे साक्षीला असताना, सर्वांत शेवटी मागायची गोष्ट म्हणून मैत्री मागितली जाते. ज्यांनी हा विधी रचला त्यांना मैत्री ही प्रेमाआधीची कच्ची अवस्था वाटत असती, तर त्यांनी तिला शेवटचे पाऊल दिले नसते.

इतके बारकाईने हे का पाहायचे, असा प्रश्न उरतो. विनोदी सिनेमा आहे, बघा आणि घरी जा. पण ‘होतेच, कळले नव्हते’ या सूत्राचा एक उपयोग थिएटरच्या बाहेर रोज होतो, आणि तो बहुधा मुलीविरुद्ध होतो. जो मुलगा वर्षानुवर्षे मित्र म्हणून वागला आणि मग नकार मिळाल्यावर आपण फसवले गेलो असे म्हणतो, त्याने हाच धडा गिरवलेला असतो. त्याच्या लेखी मैत्री म्हणजे भरलेले हप्ते. आता मुदत संपली, रक्कम द्या. तिचे ‘नाही’ हे त्याला उत्तर वाटत नाही, तिचे अज्ञान वाटते, कारण पडद्यावर नायिका आधी नाहीच म्हणते आणि विमानतळावर तिला उमगते. ओळखण्याच्या सिद्धांतात नकाराला जागाच नाही. ज्याला अजून कळले नाही तो फक्त उशीर करत असतो. कृतीच्या सिद्धांतात नकार हीसुद्धा पुरी कृती आहे, तिने बोललेली, आणि तिच्यानंतर मैत्री शिल्लक राहू शकते. जशी विश्वरूप पाहून झाल्यावर, क्षमा मागून झाल्यावर, अर्जुन आणि कृष्ण यांची राहिली.

म्हणून मराठी पटकथाकारांना आणि कादंबरीकारांना एकच सांगणे आहे. मित्रांचे प्रेम जरूर दाखवा. ते सुंदर असते आणि त्यात हसण्यासारखे पुष्कळ असते. पण ते घडताना दाखवा. बोलणारा घाबरलेला दाखवा, ऐकणारीला विचार करायला दोन दिवस द्या, आणि तिचे उत्तर प्रेक्षकाला आधी माहीत नसू द्या. दहा कथांपैकी तीन-चारांत ते उत्तर ‘नाही’ असू द्या, आणि त्यानंतरही ती दोघे एकत्र काम करताना, भांडताना, एकमेकांच्या लग्नात राबताना दिसू द्या. द्रौपदी आणि कृष्ण यांच्यावर ज्या समाजाने इतका जीव लावला तो समाज अशी गोष्ट नाकारणार नाही.